हद्द

परभणीला, विद्यापीठाच्या एका खोलीत,
पंखा बंद ठेवून (काप उडतो म्हणे)
प्रणोतीनं मला स्टुलावर बसवलं
आणि म्हणाली, बाबा, एक डोळा मिटा.

मी भूकरमापक. एकतीस वर्षं
आधी साखळी, मग टेबल, मग ते उपग्रहाचं यंत्र
घेऊन जिंतूर तालुक्याच्या काळ्या रानातनं फिरलो.
एक डोळा मिटायची सवय आहे मला.

खाली मोहरीचं मूळ, आडवं कापलेलं.
गोल. त्यात आणखी एक गोल. मधोमध
लाल पेशींची एकच ओळ,
इकडून तिकडं, हद्दीवर दगड रोवल्यासारखी.

कुणी मोजलं?

ती हसली. कुणीच नाही.
वरून, कोवळ्या पानांकडून ऑक्सिन उतरतं,
दोन्ही अंगांना सायटोकायनिन बसलेलं असतं.
ते ह्याला रेटतं, हे मध्ये सरकतं,
आणि मध्ये साचलं की तिथनं उलट बजावतं:
एवढ्यात पाय टाकायचा नाही.
जिथं दोघंही हटत नाहीत
तिथं ओळ पडते. मधल्या पेशी
भिंती जाड करून घेतात, आतनं रित्या होतात,
मरतात. मग त्यांच्यातनं पाणी चढतं.

मी डोळा काढला नाही.
मला बोरी शिवारातला गट दिसत होता.
मुंजाजी आणि सटवाजी, सख्खे भाऊ,
दरसाल नांगराचं एक-एक तास बांधात घालणारे.
चार मोजण्या, तीन पंचनामे,
एकदा माझी टोपी विहिरीत.
बांध मात्र जागचा हलला नव्हता,
हातभर रुंद, वर कुंदा आणि एक हिवर.

आणि एक जण नसलाच तर?

तिनं दुसरी काच सरकवली.
मोहरीच्याच भावकीतलं रोप,
सायटोकायनिनची हाक ऐकूच न येणारं.
सगळं लाल. कडेपर्यंत पाण्याच्या नळ्याच नळ्या,
पानातली साखर खाली न्यायला गल्ली नाही.
मूळ बोटभर झालं आणि थांबलं.

मुंजाजी मागच्या दिवाळीत गेला.
पोरं पुण्याला, रान सटवाजीकडंच.
परवा त्याचा फोन, रामराम न घालता:
"रिटायर झालात तरी एकडाव या, साहेब.
बांध कुठनं जात व्हता तेवढं दावा.
समदं एकच झालंय,
काही केल्या ध्यानात येईना."

माळ्यावरनं साखळी काढलीय.
एक कडी गंजून गळालेली.
तेवढी जागा
मी मुंजाजीच्या बाजूला धरणार आहे.