पूर्ण मिनिट

अंगठा नाही, मुली. अंगठा कधीच नाही.
परळच्या नर्सिंग स्कूलमध्ये सिस्टर तुस्कानो
एकेकीचा हात धरून बजावायच्या, वसईच्या हेलात:
अंगठ्याला स्वतःची नाडी असते,
पेशंटची समजून आपलीच मोजशील.

म्हणून ही दोन बोटं, फार तर तीन,
मनगटाच्या कडेला, हाडालगतच्या पन्हळीत.
दाबू नकोस, दाबलीस तर ती गप्प बसते.
ठेव. थांब. आपणहून येते.

अण्णांची मात्र सहजी येत नसे.
एकतीस वर्षं माझगावच्या गोदीत वेल्डिंग केलेलं मनगट,
ठिणग्यांच्या पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं,
चामडं असं, की खाली कुणी राहतं का
ते दार ठोठावून विचारावं.
"आधी लेंग्याची नाडी बघ, तीच सैल झालीय,"
असं म्हणत हात पुढे करायचे,
वीज कंपनीच्या माणसाला मीटर दाखवावा तसा.

पंधरा सेकंद, गुणिले चार.
आकडा ते स्वतः लिहीत
कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या दुधाशेजारी:
अर्धा लिटर, बहात्तर.
अर्धा लिटर, अडुसष्ट.
जिना चढून आल्या आल्या मोजलं तर खोटं येतं,
चहानंतरही, भांडणानंतरही,
हे सांगितल्यापासून आमची सकाळची भांडणं
मोजणीनंतर होऊ लागली.
महिनाअखेर शिवमूरत दूधवाला चष्मा पुसून विचारी,
"ताई, हे बहात्तर कसले? एवढं तर मी घातलं नाही."

मग एका सकाळी एक ठोका गळला.
दोन लागोपाठ, मग पोकळी, मग एक धावत आलेला.
बोटांखाली जिना होता
आणि मधली पायरी नव्हती.
चाल अशी चुकली की गुणाकार बंद,
सिस्टर म्हणायच्या. पूर्ण मिनिट मोजायचं.

पूर्ण मिनिट किती लांब असतं
हे मला नाइट ड्यूटीतही कळलं नव्हतं.
घोडपदेवच्या त्या खोलीत सेकंदकाटा चालायचा,
खाली कुणी पत्र्याचं शटर वर ढकलायचं,
शेजारच्या कुकरची दुसरी शिटी,
आणि आम्ही दोघं, न बोलता, हातात हात.
नर्स नसते तर हा हात
मी शेवटचा कधी धरला होता?
शाळेचा रस्ता ओलांडताना, बहुतेक.

सत्तावीस नोव्हेंबरला कुंदावहिनींचा फोन:
अण्णांना दरदरून घाम फुटलाय.
चार मजले कशी चढले ठाऊक नाही.
ते खाटेवर बसलेले, हात आधीच पुढे.
धरला. मोजलं.
"एकशे अठरा."
"जास्त आहे गं," म्हणाले, आणि पेन्सिल मागितली.

टॅक्सी हॉस्पिटलच्या फाटकात वळली तेव्हा
माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.
त्यांच्या मनगटावर अजून
माझा अंगठा होता.

तो आकडा मी खोडला नाही.
अर्धा लिटर, एकशे अठरा:
त्यांच्या थरथरत्या अक्षरात माझी धाव.
पुढच्या चौकटी कोऱ्या.
शिवमूरत हिशेबाला आला,
त्या चौकटीवर बोट टेकवून क्षणभर थांबला,
आणि या वेळी
काही विचारलं नाही.