साफेरावी

तेलावीच्या चढावर, बेकरीच्या माडीवर माझा दवाखाना.
शुक्रवारी ओतिया आला, तोंडावर रुमाल धरून.
चुर्चखेलातल्या अक्रोडाला टरफल राहिलं होतं,
पुढच्या दाताचा कोपरा गेला, तिरका.
आणि उद्या ख्वारामझेचं लग्न. नात त्याची.
तामादा हाच, मेजावरचा प्रत्येक प्याला
ज्याच्या शब्दांनंतरच उचलायचा, तो.
"स म्हटलं की शिट्टी येते," म्हणाला.
"शिट्टी मारत आशीर्वाद देऊ?"

आधी रंग. दात ओला आहे तोवरच बघायचा,
वाळला की उगाच पांढरा होतो, खोटं बोलतो.
दिवा बंद केला. अलाझानीच्या खोऱ्यातला उजेड पुरे.
त्याला ए-दोन हवा होता, तरुण माणसाचा.
मी ए-साडेतीन धरला: एकाहत्तर वर्षांचा चहा, तंबाखू.
मझिया मागून म्हणाली, मानेपाशी आणखी थोडा गडद.
खरं होतं तिचं.

मग रबराचा हिरवा पडदा ताणला.
थुंकीचा एक थेंब लागला तर सगळं पाण्यात.
(तामादा पाऊण तास गप्प.
मझियानं घड्याळाकडे बघून डोळे मिचकावले.)

आम्ल लावलं, पंधरा अंक मोजले, धुतलं.
इनॅमल खडूसारखं निस्तेज झालं. तेच हवं असतं,
गुळगुळीत भिंतीला गिलावा धरत नाही.
वर बाँड, फुंकरीनं पातळ केलेला.

दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे, म्हणतात.
इथे एकाच दाताला दोन्ही कामं.
म्हणून मागच्या बाजूला हायब्रीड:
जाड-बारीक काचेची पूड राळेत कालवलेली,
चावा झेलणारी.
आणि पुढे, लोक बघतात तिथे, मायक्रोफिल:
कण इतके बारीक की हत्याराखाली लोणी वाटावं,
चकाकी वर्षानुवर्षं धरतं,
पण जोर पडला की टवका उडतो.
तिबिलिसीचा विक्रेता परवाच सांगून गेला,
नवीन आलंय, चार मिलिमीटर एका दमात.
दाढेला असेल ठीक.
मी दोन-दोनच घालते. सवय म्हणा.

निळा उजेड, वीस सेकंद. नारिंगी काचेआड आम्ही दोघी.
घट्ट होताना ते आकसतं,
शंभरात दोन, फार तर तीन भाग.
तेवढ्यानं फट पडते,
आणि पुढची सगळी दुखणी त्या फटीतून येतात.
म्हणून थर, पुन्हा थर, आणि मध्ये थांबणं.

निळा कागद चाववला, ठिपका उंच होता, घासला.
चकत्या फिरवल्या, खरखरीतपासून मऊपर्यंत.
आरशात बघून तो म्हणाला, "स."
मग "साकार्तवेलो," सावकाश,
आपला देश जागेवर आहे ना, हे तपासल्यासारखा.

"दोन दिवस लाल दारू नाही," मी म्हटलं.
"राळ अजून ताजी आहे, रंग पिते."
तो हसला नाही.
"साफेरावी नाही?"
"नावातच रंग आहे तिच्या, ओतिया."

सोमवारी आला, न बोलावता.
कडेला तपकिरी रेघ, केसाएवढी.
अठरा प्याले पांढऱ्यानं उचलले, म्हणाला,
लोक कुजबुजले, चालू दिलं.
एकोणिसावा गेलेल्यांचा.
लियाना फक्त लाल प्यायची.
तिच्यासाठी पांढरं उचलायचं
तर तोंडात शब्दच येईना. दात होता, तरी.

मी चकती फिरवली. बरीचशी गेली रेघ.
हिरडीपाशी थोडी राहिली,
आणखी घासलं तर थर पातळ होईल.
कार्डावर लिहिलं: ए-साडेतीन, दोन थर, किंचित डाग.
कारणाचा रकाना असतो. तो कोराच ठेवला.

दारात वळून त्यानं विचारलं, किती वर्षं टिकेल?
पाच, सात. जपलात तर दहाही.
"पुरे," म्हणाला.
आणि खालच्या डाव्या दाढेतली जुनी चांदी
जरा दुखतेय म्हणे, कधीपासून.
गुरुवारची वेळ दिली.