कड गुण्यात नाही

बुधवारी भोसरीहून माल परत आला.
चाळीस ब्रॅकेट, बारा एमएमची प्लेट,
चलनाच्या मागे पेनानं दोन शब्द :
कड तिरपी.

गुण्या लावून बघितला.
वर टेकला, खाली उजेड.
तांदळाचा दाणा सरकेल एवढी फट.

होनप साहेब काही बोलले नाहीत,
चष्मा काढून शर्टाला पुसला.
रामटेकडीच्या आमच्या शेडमध्ये
तेवढं पुरतं.

उद्या गुरुवार, लाईट नसणार.
शोधायचं ते आज रात्रीच.

आधी उंची.
टॉर्च वर राहिली की ज्योत पसरते,
वरची कड जास्त खाते,
फार खाली आली की पोटात शिरते.
अर्धा एमएम खाली घेतली, मग पाव वर,
मग होती तिथे.
फट जिथल्या तिथे.

टॉर्चलाच गुण्या लावला, पुढून, बाजूनं :
देवळातल्या दीपमाळेसारखी उभी.
नोझल काढून ट्यूबलाईटकडे धरलं.
भोक गोल.
इलेक्ट्रोडच्या टोकाचा खड्डा नखानं चाचपला,
अजून दोन शिफ्ट सहज निघाल्या असत्या.
तरी दोन्ही नवे घातले,
आणि स्टोअरच्या वहीत सही करताना
तारखेवर जरा अंगठा ठेवला.

कॉम्प्रेसरची तोटी सोडली तर
कपभर पाणी, उकळलेल्या चहाच्या रंगाचं.
मिळालं! असं मी मोठ्यानं म्हणालो.
नव्हतं मिळालं.

कोपऱ्यात दस्तगीर शिकलगार
ग्राइंडर घेऊन परत आलेल्या मालावर बसलेले.
ठिणग्या त्यांच्या चपलांवर विझत होत्या.
"आजोबा कॅम्पात सायकल उभी करून
कात्र्यांना धार लावायचे," ते म्हणाले,
"धार लावायचे पैसे मिळायचे तेव्हा.
मला मोडायचे मिळतात."

आठ वाजता सुभद्रा लोणकर आली भंगार उचलायला.
तळहाताला चिंधी.
काय झालं विचारलं, तर म्हणाली,
"परवा वाटेतला तुमचा माल बाजूला सारला, त्यानं कापलं.
तुमचं भंगार इतकी वर्षं उचलते,
त्यानं कधी नाही कापलं."

मी पाना खाली ठेवला.

तिच्या टोपलीतून एक सांगाडा ओढला,
ज्यातून ब्रॅकेट निघून गेलं होतं तो,
आणि गुण्या लावला.

उजेड नाही.

दुसरा ओढला. नाही.

ज्योत गोल फिरत खाली उतरते,
तिला एकच बाजू सरळ जमते,
जायच्या दिशेनं उजवी. डावी कलतेच,
तिला कितीही समजावा.
पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे :
बाहेरून घड्याळासारखं फिरायचं, भोकात उलटं,
म्हणजे उजवीकडे माल राहतो, डावीकडे भंगार.

उजवे ब्रॅकेट मागच्या महिन्यात पास झाले होते.
डाव्यांसाठी मी नवी फाईल केली नाही.
जेवणाची सुट्टी झाली होती,
डब्यात शेपूची भाजी गार होत होती,
उजवीलाच आरसा दाखवला, सेव्ह केलं.

आरशात घड्याळ उलटं चालतं.

म्हणजे चाळीस वेळा
सरळ कड मी कापली होती, चोख,
आणि चाळीस वेळा ती टोपलीत टाकली होती.

दिशा बदलली. पहिला तुकडा निघाला,
पकडीनं धरून पाण्यात बुडवला, चर्र झालं.
दस्तगीरभाईंनी ग्राइंडर बंद केला.
गुण्या त्यांनीच लावला, माझ्या हातून घेऊन,
एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले.
"अंधार आहे," म्हणाले.
शेडमध्ये इतकी चांगली बातमी
महिन्यात कुणी दिली नव्हती.

साहेबांना काय सांगायचं ते उद्याचं उद्या.
सुभद्राबाईंनी सांगाडे काट्यावर टाकले, सरळ कडांसकट.
काट्याला कड कळत नाही.
जाताना मी त्यांना हातमोज्यांचा जोड दिला.
डावा थोडा फाटका होता.