साडेअकरा फेरे

आमच्या पेठेचा व्हॉल्व्ह
साडेअकरा फेऱ्यांत पूर्ण उघडतो.
बारावा द्यायला गेलं की आटे जातात.
पाणीपुरवठ्याच्या कुठल्याच नकाशात हे नाही.
मला माहीत आहे, आणि मालनताईंना.

नगरसेविका होत्या तेव्हा
पहाटे चारला, स्वेटरवर पदर खोचून
खड्ड्याच्या काठाशी येऊन उभ्या राहायच्या,
माझ्या चावीबरोबर फेरे मोजत.
"झुंबर, शेवटच्या नळाचा हंडा भरू दे,
मग जा पुढच्या गल्लीला."
शेवटचा नळ त्यांचाच होता,
हेही सांगितलं पाहिजे.

मग महापौर झाल्या.
कुदळ्यांच्या बोळात फटाक्यांचा लाल कागद
तीन दिवस कुणी झाडला नाही.
एकदा थकलेल्या पगाराच्या कामाने गेलो,
गॅलरीतून पाहिलं:
समोर पितळी घंटा, हात त्यांचा.
एका टोल्यात शंभरावर माणसं खाली बसायची,
तोंडातली सुपारीसुद्धा थांबायची.
कुणी वारलं की सभा तहकूब.
त्या वर्षी पाण्याचा विषय
सात वेळा तहकूब झाला.
माणसं मरतातच,
त्याला त्या तरी काय करणार.

पण टाकी बांधली, खोटं कशाला बोलू.
कोनशिलेवर बावीस नावं,
आणि पाणी दुसऱ्या उन्हाळ्यात.

खासदार झाल्या तेव्हा झेलमने निघाल्या.
स्टेशनवर हारांची एवढी गर्दी
की शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा
माझ्याच हातात राहिला.
खिडकीतून त्यांनी हात केला,
तो बहुतेक सगळ्यांनाच होता.

एका दुपारी टीव्हीवर दिसल्या.
मागून तिसरी रांग.
हिंदी अडखळत होतं,
पण खडकवासल्यापासून निघाल्या,
कालव्याने आल्या,
पर्वतीच्या टाक्यांशी जरा थांबल्या,
आता आमच्या पेठेत वळणार
तेवढ्यात घंटा वाजली.
दुसऱ्या कुणाच्या हातातली.
माइक गेला. ओठ हलत राहिले.
मी उठून सेटचा आवाज वाढवला.
बायको म्हणाली, अहो, वेडे का?

परवा पहाटे फोन आला.
नंबर दिल्लीचा.
"झुंबर, आलं का पाणी?"
"शेवटच्या नळाला नाही अजून."
"फेरे किती दिलेस?"
"आठ."
"आठ? का रे?"
"वरून ऑर्डर आहे, ताई."

बराच वेळ काहीच नाही.
लाइनीवर फक्त पंख्याची घरघर,
त्यांच्याकडची की माझ्याकडची, कळेना.
मग हळूच, खरंच ठाऊक नसल्यासारखं,
त्यांनी विचारलं,

"वरून म्हणजे कुठून?"