दव सुकेपर्यंत

पहाटे साडेपाचला तंबाखूचं पान
वासराच्या जिभेसारखं ओलं असतं.
आम्ही कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांना
तीन भोकं पाडतो, एक मानेला, दोन हातांना,
आणि त्या अंगात घालून ओळीत शिरतो.
लांबून बघणाऱ्याला वाटावं
नॉर्थ कॅरोलायनाच्या या रानात
कावळे उतरलेत.

दव तरीही आत येतंच. बाहीतून, गळ्यातून.
इथलं दव म्हणजे नुसतं पाणी नाही,
पानातलं विष त्यात उतरतं
आणि कातडीतून आत येऊन बसतं.
आठ वाजता डोकं गरगरतं.
नऊला पोटात काही उरत नाही, उमाळे मात्र थांबत नाहीत.
मुकादम म्हणतो, रात्री प्यायलात.
माझी भाची एउलालिया सतरा वर्षांची.
दारूचा वास तिनं घेतलाय तो फक्त बापाच्या अंगाचा,
तोही ग्वाटेमालात, डोंगरापलीकडे.

सिस्टर ऑडिला आधी रस्त्यावरच थांबायची.
शेत खाजगी, रस्ता सरकारी.
मधली पांढरी रेघ तिला पाठ होती.
रेघेच्या अलीकडून ती पाण्याचे कॅन सरकवायची,
हातमोजे, वकिलाचा फोन नंबर,
आणि आमच्या माम भाषेतले चार शब्द,
चारही चुकवून.
"दुखतं का?" विचारायला जायची
आणि "पिकलं का?" असं काहीतरी व्हायचं.
आम्ही हसायचो. हो म्हणायचो.
दोन्ही खरं होतं.

मालक टटलसाहेब रविवारी पहिल्या बाकावर.
माणूस वाईट नाही, हे मला नीट सांगायचंय.
चर्चमधलं थंड हवेचं यंत्र त्यांनी दिलं,
गेल्या उन्हाळ्यात, आईच्या नावानं.
नावाची पितळी पाटी दर शनिवारी
मीच लिंबानं घासते.
त्याच उन्हाळ्यात फेर्मीन बसमध्ये झोपला तो उठला नाही.
त्याची पाटी नाही.
फादरांनी प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं,
ऊन हा शब्द घेतला नाही.

सिस्टरनं तीन पत्रं लिहिली.
उत्तर एकच आलं, सभ्य, टंकलिखित:
श्रद्धा आणि धंदा यांची सरमिसळ नको.

मग ऑगस्टातला एक रविवार. तोडणीची घाई,
मुकादमाला दोन हात कमी.
ती रेघ ओलांडून आली.
डोक्याला माझा रुमाल, अंगात काळी पिशवी,
वय एकसष्ट.
तीन तास एक शब्द बोलली नाही,
फक्त दोनदा बांधाकडे वळली, तोंडावर हात धरून.

दहाच्या उपासनेत वाचन तिचं होतं.
पुस्तकावर हात ठेवला तर पान बोटांना चिकटून आलं.
एक ओळ वाचली. दुसरी अर्धी.
मग वेदीच्या पायरीवर बसली
आणि लिलीच्या फुलांची बादली पुढे ओढली.
"उष्माघात," मागून कुणीतरी कुजबुजलं.
डोक्यावर यंत्र घुमत होतं. मला शाल पांघरावी लागली होती.

टटलसाहेबच आधी धावले.
रुमाल देताना त्यांना तिचे तळवे दिसले,
डिंकानं काळे.
तंबाखूच्या घरात जन्मलेला माणूस तो.
हिरवा टोमॅटो चोळून हाच डिंक
कुणीतरी त्यांच्याही हातांवरून काढला असणार,
नळाखाली उभं करून, ओरडत.
"कुणाच्या शेतात?" त्यांनी विचारलं.
विचारल्यावर त्यांना कळलं, काय विचारलं ते.
सिस्टर म्हणाली, "दव सुकल्यावर काम. एवढंच."

आता आम्ही साडेआठला सुरू करतो.
पिवळे रबरी अंगरखे आलेत, एउलालियाला घोट्यापर्यंत.
लांबून आम्ही आता भोपळ्याची फुलं.
पण तीन तास गेले ते मजुरीतूनही गेले,
आणि शुक्रवारचं पाकीट हलकं झालं.

म्हणून दर मंगळवारी सिस्टर त्यांच्या पायऱ्या चढते,
हातात माझ्या अक्षरातली वही,
कोण किती तास, कुणाचे किती कापले.
मी गाडीत थांबते. त्यांची कुत्री
आता तिच्यावर भुंकत नाही.
मागच्या सीटवरून एउलालिया काचेतून ओरडते,
दुखतं, सिस्टर, *दुखतं*, पिकतं नव्हे,
आणि ती दार वाजवता वाजवता मान डोलावते,
ओठांत पुन्हा म्हणून बघते,
पुन्हा चुकवते.