सूज उतरेपर्यंत

पहाटे पावणेसहाला
लाँड्रीच्या दारातलं यंत्र मला ओळखत नाही.
तोंड पुढे करा, म्हणतं. केलं.
आणखी जवळ. झाले.
मग लाल दिवा, आणि आतली ती गोड आवाजाची बाई:
पुन्हा प्रयत्न करा.

तिचा दोष नाही.
माझा फोटो घेतला तो रात्री आठला,
बारा तास उभ्यानं इस्त्री करून झाल्यावर.
पाणी तेव्हा सगळं पायांत होतं,
चेहरा कोरडा, हाडं दिसणारा.
तोच चेहरा म्हणजे कुंदा मोरजकर, कर्मचारी चारशे सतरा.
सकाळची ही दुसरी कोण, ते नोंदलेलं नाही.
तीन वेळा लाल झाला की अर्धा दिवस कापतात.

डॉक्टर इल्हाम सुदानच्या.
त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला,
खळगा पडला,
तो भरेपर्यंत न बोलता बघत बसल्या.
म्हणाल्या, आजार नाही हा.
दिवसभर पाणी खाली उतरतं,
आडवी झालीस की त्याला उतार राहत नाही,
निघतं परत वर.
डोळ्यांभोवतीची कातडी सगळ्यात पातळ, सैल,
तिथे त्याला कुणी हटकत नाही.
मीठ कमी कर. उशीवर उशी घे.

मीठ.
इथे नळाला येतो तो समुद्रच, मीठ काढून घेतलेला.
काढलेलं मीठ कुठे टाकतात, विचारायचं राहिलं.
वेंगुर्ल्याहून आलेली सुक्या बांगड्याची पुडी
पलंगाखाली आहे, तिच्याबद्दल मी बोलले नाही.

कंपनीची उशी एकच.
दुसरी मी केली थंडीच्या जॅकेटची घडी घालून.
रात्रभरात त्याची चेन गालावर उमटली,
यंत्राला ती आणखी नवीन.

खोलीत सहा जणी, आरसा एक.
मर्सी गार चमचे ठेवते पापण्यांवर,
जोसलिन चहाच्या ओल्या पुड्या.
कोण नुसती झोपली आणि कोण रडून झोपली,
सकाळी सगळ्यांचे डोळे सारखेच.
बरं आहे. विचारावं लागत नाही.

विहंग फोनवर म्हणाला, आई, तू जाडी झालीस?
हो रे, म्हटलं. खाते ना भरपूर.

गाडीवाला याकूब सांगत होता,
बहरैन म्हणजे दोन समुद्र.
मी म्हटलं, असतील.
मला माझे ठाऊक:
एक संध्याकाळी, मोज्याच्या रबराच्या वर टम्म,
एक सकाळी.
मध्ये मी, आणि हॉटेलच्या चारशे चादरी.
लोक आडवे झाल्याच्या खुणा
वाफ मारून सपाट करते.

आता पाचलाच उठते.
मुहर्रकच्या त्या गल्लीत, पाण्याच्या टाकीशेजारी
भिंतीला न टेकता उभी राहते.
अजान होते, बेकरीचं शटर वर जातं,
आणि चेहरा हळूहळू खाली यायला लागतो,
गालांवरून, मानेतून,
ओहोटीला खडक उघडे पडावेत तसं
एकेक हाड.
मग दाराशी जाते. हिरवा.
धन्यवाद, कुंदा.

शुक्रवारी मला सुट्टी.
शुक्रवारी एकही उशी घेत नाही.
सपाट पडते,
आणि पाण्याला म्हणते, ये,
आज बारा वाजेपर्यंत
मला कुणी ओळखायचं नाहीये.