आल्मेडा, दोन माणसं

लिस्बनचं उत्तर आलं तो गुरुवार.
शारजाच्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी गळत होता
आणि इनास बादली शोधत होता.
खूण केलेली ओळ मीच वाचली, मोठ्याने:
मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल
याची आम्हाला खात्री वाटत नाही.

तो काही बोलला नाही.
बादली लावली, थोडा वेळ थेंब ऐकले,
मग म्हणाला, "वसईत आले तेव्हा
ह्यांना कोणी विचारलेलं का गं?
दोनशे पाच वर्षं राहिले."
आणि हसला,
दाढी करताना कापल्यावर हसतात तसा.

लग्नाला पंचवीस वर्षं. हॉटेल तीन रात्रींचं,
पैसे परत न मिळणारं.
माझ्या वहीत ट्रामचा नंबर, एका खानावळीचा पत्ता;
तिथे म्हणे भाजलेला मासा पावावर ठेवतात
आणि तेल प्यायलेला तो पाव
सगळ्यात शेवटी खायचा असतो.
चढाचे रस्ते म्हणून मी बूटसुद्धा घेतलेले.

तेच बूट घालून मस्कतला निघालो.

हत्ताच्या चौकीवर शिक्का मारणाऱ्या पोराने
आडनाव दोनदा वाचलं.
"आल्मेडा? हिंदी?"
"हिंदी," इनास म्हणाला. तेवढ्यावर भागलं.
पुढे सोहारपर्यंत थर्मासचा चहा, उकडलेली अंडी,
डाव्या हाताला मधूनच समुद्र,
मीठ सांडल्यामुळे माझी कुरकुर.

मुत्राहला पोचलो तेव्हा दिवे लागत होते.
धक्क्यावरच्या हॉटेलात कोळशावरची सुरमई मागवली.
इनास पोटाच्या तुकडीपासून सुरू झाला, नेहमीसारखा,
काटे ताटाच्या कडेला ओळीने लावत.
मी माझी तुकडी खुबसावर ठेवली.
"हे काय?" त्याने विचारलं.
"काही नाही," म्हटलं, आणि खुबूस शेवटी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी जुन्या बंदरात गेलो.
पाण्याच्या दोन्ही अंगांना दोन किल्ले,
मिरानी आणि जलाली, त्यांनीच बांधलेले.
इनास मान वर करून बघत राहिला.
शाळा बुडवून ज्या भिंतीवर बसायचा
तिचीच कोणी बहीण इथे दिल्यासारखा.
"आत जाता येईल?" मी पहारेकऱ्याला विचारलं.
त्याने अगदी अदबीने मान हलवली.
"इथेपण नाही!" इनास म्हणाला,
आणि ह्या वेळी पोट धरून हसला.
पहारेकरीही हसला, का ते न कळता.

सासूबाईंच्या तोंडी त्यांचं किती काय होतं:
चावी, पगार, लिलाव, बादली.
पाव तर रोजचाच.
कधी वाटतं, एवढं सगळं घेऊन गेलो असतो
तर विमानतळावर वजन भरलं असतं.

संध्याकाळी सूकमध्ये लुबान घेतलं, पावशेर.
त्याला आमच्या देवळाचा वास,
पाम संडेच्या घामासकट.
हलवेवाल्याने केशरी हलवा चमच्याला ताणून दाखवला,
कहवा दिला, पैसे घेतले नाहीत,
मग अर्धा किलो गळ्यात मारला.

रात्री दोनला जाग आली.
आज लिस्बनची तिसरी रात्र.
तिकडे अजून अकरासुद्धा वाजले नसतील.
एका खोलीत पांढरी चादर ताणून घातलेली असेल,
उशीजवळचा दिवा कोणी लावलाही असेल,
आणि खाली वहीत लिहिलेलं असेल,
आल्मेडा, दोन माणसं,
नावापुढे जागा कोरी.

खिडकीखाली एक बोट भोंगा देऊन गेली.
इनास कुशीवर वळला.
लिंबाने दोनदा धुऊनही
त्याच्या बोटांना सुरमईचा वास येत होता.
मी बूट पलंगाखाली सरकवले,
उजव्या टाचेला फोड आलाय
हे त्याला सकाळी सांगायचं ठरवलं.